मौनीबाबाचं पोट

मुकादमाची नजर पहिल्यांदा गेली ती गाठीवर. बिस्किटांच्या कारखान्यात पीठ मळायच्या यंत्रावर जो माणूस होता, त्याच्या अ‍ॅप्रनच्या नाड्या पूर्वी पाठीमागून फिरून पुढे पोटावर बांधल्या जायच्या. आता त्या पाठीवरच कशाबशा भेटत होत्या. एरवी मुकादमाला कुणाच्या पोटाशी काय देणंघेणं? पण त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी त्याला ऑफिसात बोलावून सुनावलं होतं, की लोण्याच्या बिस्किटांचे डबे सारखे कमी भरतायत, खाणारा तुमच्याच विभागात आहे, तो शोधा; नाहीतर तुमच्याबद्दलच विचार करावा लागेल. एवढं ऐकल्यावर माणसाला गाठी दिसणारच.

पीठवाल्याला सगळे मौनीबाबा म्हणायचे, कारण हो-नाहीच्या पलीकडे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. मुकादमाला आता तेही खटकायला लागलं. दिसायला गरीब गाय, पण पोट बघा! तो ट्रेच्या रॅकआड उभा राहून मौनीबाबाच्या हातांवर डोळा ठेवू लागला. सुटी झाली की खिसे चाचपू लागला. एकदा पाणी प्यायचं निमित्त काढून त्यानं त्याच्या जेवणाच्या डब्यातही डोकावून घेतलं. आत उकडलेल्या भाज्या आणि पावाचे दोन कोरडे तुकडे. झालं, मुकादमाची खात्रीच पटली. एवढंसं खाणारा माणूस फुगतो कसा? म्हणजे बाकीचं पोट दुसरीकडे भरत असणार.

मौनीबाबाचा हात थरथरला, की चोर. घाम आला, की चोर. त्यानं नजर चुकवली तर चोर, आणि नजरेला नजर दिली तर महाचोर. संशयाचं हे असंच असतं, त्याला काहीही चालतं. मुकादम जितका जवळ उभा राहायचा, तितका मौनीबाबा घामाघूम व्हायचा, आणि बघता बघता त्या नाड्या पाठीवरही पुरेनाशा झाल्या.

इकडे घरी मुकादमाची झोप उडाली होती. डोळे मिटले की एकेक कामगार तोंड हलवताना दिसायचा. मग तो उठायचा आणि उरलेला पाव, जॅम, जे हाताला लागेल ते तोंडात टाकायचा. बायको म्हणाली, अहो, पट्ट्याला टोकाशी नवं भोक पाडायला लागतंय तुम्हाला. तर म्हणतो कसा, भट्टीच्या धगीनं चामडं आकसतं. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

वर्षातून एकदा कामगारांना तपासायला डॉक्टर येत. रांग लावायच्या निमित्तानं मुकादम पडद्याला कान लावून उभा राहिला. आत मौनीबाबा जन्मात बोलला नसेल इतकं बोलत होता. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मागे सारखं कुणीतरी उभं आहे असं वाटतं. नोकरी गेली तर घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, तिला कोण बघणार? डॉक्टर त्याला समजावत होते, की ताण असा मुक्कामाला आला आणि झोप गेली, की भुकेचं गणित बिघडतं, काहींच्या पोटावर चरबीही चढते.

मुकादमाला राहवेना. त्यानं पडदा सारला.

"डॉक्टर, काळजीनं माणूस वाळतो. फुगत नाही. माझा मामा काळजीनं काडी झाला होता."

"काही वाळतात, काही फुगतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांची नजर मुकादमाच्या पांढऱ्या कोटाच्या ताणलेल्या बटणांवर थांबली. तुम्हीही जरा काट्यावर उभे राहा, असं त्यांनी सुचवलं. मुकादमाला कसली सवड!

त्यानं थेट मालकीणबाईंना गाठलं आणि तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. बाई जरा घुटमळल्या. डॉक्टर ताण म्हणतायत, तर तसंही असेल. पण मुकादमानं मामाचा दाखला इतका ठासून दिला की बाईंनाही पटलं. संध्याकाळी मौनीबाबाला रजा मिळाली, कायमची. त्यानं अ‍ॅप्रन काढला, नीट घडी घातली आणि फाटकाशी मुकादमाच्या हातात दिला.

"मी एकही बिस्कीट खाल्लं नाही," तो म्हणाला.

मुकादमाला ते वाक्य बोचलं, नाही असं नाही. पण घरी जाऊन त्यानं त्यावर अर्धा पाव रिचवला.

आणि डबे? डबे कमीच. ते कोण रिकामे करत होतं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. यंत्रावर नवा माणूस आला तो नुसता पाप्याचं पितर, तर मुकादमाला त्याचाही संशय. खातो आणि अंगाला लावून घेत नाही, किती पक्का असेल! आता मुकादम भट्टीवाल्यावर, पॅकिंगच्या बायकांवर, झाडूवाल्यावरसुद्धा नजर ठेवू लागला. जेवणही उभ्या उभ्या, बकाबका. रात्री डोळा लागेना.

मग बाईंनी त्याला पुन्हा बोलावलं.

"मौनीबाबा गेला, तरी डबे कमीच. बसा."

तो बसला, आणि कोटाचं मधलं बटण तटकन उडालं. टेबलावरून घरंगळत बाईंच्या हाताशी जाऊन थांबलं. बाईंनी बटणाकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे. मुकादमाला घाम फुटला. हात थरथरायला लागला, नजर आपोआप खाली गेली. ही कुणाची लक्षणं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"बाई, मी एकही बिस्कीट खाल्लं नाही," तो म्हणाला. "झोप नाही हो मला. हे सगळं काळजीनं झालंय. डॉक्टर सांगत होते ना..."

"काळजीनं माणूस वाळतो, मुकादम," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत."

त्याला फाटकाशी उभा असलेला मौनीबाबा आठवला. बाईंनी कारखान्याच्या कोटासाठी हात पुढे केला. मुकादमानं कोट काढला आणि त्याची नीट घडी घालू लागला.