रुखवतातली जीप

सत्त्याऐंशी साली आष्टीच्या कडूबा गुरुजींच्या बेबीनंदाचं लग्न ठरलं, तशी गल्लीतल्या बायकांना एकच काळजी लागली. ही पोरगी रुखवतात मांडणार काय? मण्यांचा मोर हिला येत नाही, लोकरीचं तोरण येत नाही, आणि करंज्यांचं म्हणाल तर हिच्या करंज्या तेलात पडल्या की तोंड उघडतात. सगळं खरं होतं. पण बेबीनंदाला जे येत होतं ते अख्ख्या जालना जिल्ह्यात कुणाच्या बापाला येत नव्हतं, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

तिचा भिवामामा मिल्ट्रीत गाड्या दुरुस्त करायचा. सिकंदराबादला खेळण्यांचं एक जुनं दुकान बंद पडलं, तेव्हा तिथली विलायती खोकी त्यानं भाचीसाठी उचलून आणली. खोक्यात प्लास्टिकचे सुटे भाग. तोडायचे, घासायचे, चिकटवायचे, की विमान नाहीतर रणगाडा तयार. पण ती खोकी बेबीनंदापेक्षाही वयानं मोठी. एखाद्यातलं चाक गायब, एखाद्यातली चिकटवायची अक्षरं पिवळी पडून चुरा झालेली. जे नव्हतं ते तिनं घरातून उभं केलं, कधी ब्रशची दांडी कापून, कधी रिफिलची नळी. पुढं पुढं तर खोक्यावरच्या चित्राबरहुकूम करण्यात तिला गोडीच वाटेना. रणगाड्याचा तिनं ट्रॅक्टर केला. बॉम्ब टाकणारं विमान कापून कपाशीवर फवारणी करणारं केलं. "त्यांनी ठरवलं तेच मी कशाला करू?" असं म्हणायची, आणि वर हसायची.

स्थळ तीर्थपुरीचं होतं. मुलगा बद्रीनाथ, तीर्थपुरी-अंबड काळीपिवळी जीप चालवायचा, स्वभावानं गरीब गाय. अडचण होती ती त्याची आई केशरबाई. नवऱ्यामागं बाईनं एकटीनं घर ओढलं होतं, त्यामुळं जिभेला धार आलेली. मुलगी बघायला आली तेव्हा बेबीनंदाची पत्र्याची पेटी तिनं उघडून पाहिली. आत ब्लेड, सुया, कानशी, चिकटवायच्या बाटल्या.

"पोरगी पसंत हाय," केशरबाई म्हणाली, "पण हा पोरखेळ हितंच ठेवा. ही पेटी माझ्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई."

बेबीनंदाची आई पुष्पाबाई घाईघाईनं म्हणाली, "न्हाई न्हाई, न्हाईच पाठवत!"

बेबीनंदाच्या काळजात चर्र झालं. पेटी सोडायची म्हणजे हात माहेरी ठेवून नांदायला जायचं. पाहुणे गेल्यावर ती आईला म्हणाली, "रुखवत बघू दे त्यांना. स्वतःच्या तोंडानं म्हणतील, घे पेटी."

"लई टिमकी वाजवू नको," आई म्हणाली.

पण पोरीच्या डोक्यात सगळं तयार होतं. आधी घरच्यांबरोबर स्थळ बघायला गेली होती, तेव्हा तीर्थपुरीच्या घरात भिंतीवर एक फोटो तिनं बघून ठेवला होता. वारलेले सासरे रामराव, आणि त्यांच्यामागं दसऱ्याचा झेंडूचा हार घातलेली जीप. लिलावातली मिल्ट्रीची जुनी जीप घेऊन, टप चढवून, मागं बाकडी टाकून रामरावांनी ती सवारीची केली होती. त्याच जीपवर हे घर उभं राहिलं, हे बद्रीनाथनं सांगितलं होतं. आणि बेबीनंदाकडं शेवटचं एकच खोकं उरलं होतं, मिल्ट्रीच्या जीपचं! सासऱ्यांनी मोठ्या जीपचं जे केलं, तेच तिनं मुठीत मावणाऱ्या जीपचं करायला घेतलं.

टपाला छत्रीचं जुनं कापड. भाग काढून उरलेली प्लास्टिकची दांडी दिव्यावर धरून ताणली की दोऱ्यासारखी तार निघते, तिचं वरचं कॅरिअर. चंदेरी टिकल्यांचे दिवे. खोक्यात गाडीत बसवायचे दोन शिपाई होते. त्यातल्या एकाला तिनं धोतर-टोपी घालून रामराव केलं, दुसरा तसाच पेटीत पडून राहिला. विलायती जीपचं स्टेअरिंग होतं डाव्या बाजूला. आपल्याकडं गाडीचं स्टेअरिंग उजवीकडं असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तिनं ते कापून, भोक बुजवून, उजवीकडं बसवलं. सांधा कुठं आहे ते तिचं तिलाही सापडेना. त्या सांध्याचा तिला सगळ्यात जास्त अभिमान वाटला.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवताच्या टेबलाभोवती ही झुंबड. "अगं बाई, खरीच दिसती!" "टपाचं कापड तर बघ!" वऱ्हाडातल्या बायका बाजूला सरल्या आणि केशरबाई पुढं आली. तिनं जीप तळहातावर घेतली. टपावरून बोट फिरवलं. मग आत वाकून पाहिलं आणि जीप खाली ठेवली.

"ही त्यांची गाडी न्हाई."

पुष्पाबाईचा चेहरा पार उतरला.

"स्टेअरिंग डाव्या अंगाला होतं," केशरबाई म्हणाली. "परदेशातून आलती ती गाडी. म्होरं ट्रक असला की त्यांना पुढचा रस्ता दिसायचाच न्हाई. म्हणून उजवीकडं मी बसायची. मान बाहेर काढून बघायची अन् सांगायची, निघू द्या. माझ्या तोंडून आल्याबिगर त्या माणसानं कधी कुणाला मागं टाकलं न्हाई. लोक मलाच डायवर समजायचे." तिचा आवाज चिरकला. "तू माझ्या जागेवर त्यांना बसवलंस पोरी. मंग मी कुठं बसू?"

बेबीनंदाला कुणी तोंडात मारावी तसं झालं. खोक्यातली जीप बरोबर होती, आणि शहाणपणानं चुकवली होती तिनं! पण रडायला बसायचं तर दुरुस्त कोण करणार?

"चुकलंच माझं, आत्याबाई," ती म्हणाली. "आई, पेटी आण."

"अगं, मुहूर्त!"

"आण म्हणते ना."

डोक्याला मुंडावळ्या, हाताला ओली हळद. तशीच ती पाटावर बसली, हिरवा चुडा कोपराकडं सारला आणि स्वतःच्या सुंदर सांध्यात तिनं ब्लेड घातलं. भटजी हाका मारू लागले, तेव्हा केशरबाईच ओरडली, "थांबा की जरा!" स्टेअरिंग डावीकडं बसलं. रामराव त्याच्यामागं गेले.

"वाळंपर्यंत दाबून धरावं लागतं," बेबीनंदा म्हणाली. "धरता का?"

केशरबाईनं दोन बोटांत नवऱ्याला धरलं. श्वास रोखून धरलं.

तोवर बेबीनंदानं पेटीतला दुसरा शिपाई काढला. त्याची बंदूक कापली, टोपी कापली. शालूच्या पदराचे दोरे ओढून त्याच्याभोवती लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला. मान थोडी तापवून बाहेरच्या बाजूला वळवली. शेवटी सुईचं टोक करंड्यात बुडवून कपाळावर कुंकवाचा ठिपका दिला आणि बाईला उजवीकडं बसवलं.

केशरबाई बघतच राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि भर मांडवात हमसून हमसून रडली.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी बद्रीनाथची जीप दारात लागली. पुष्पाबाईनं पेटी गुपचूप आतल्या खोलीत सारली होती.

"पेटी कुठाय?" केशरबाई गरजली. पेटी बाहेर आली. बद्रीनाथ ती टपावर चढवू लागला. "टपावर न्हाई, येड्या! धक्के बसतील. तिच्या मांडीवर दे." आणि बाई स्वतः मागच्या बाकड्यावर जाऊन बसली. "पुढं बस, सूनबाई. अन् रस्त्याकडं बघ, नुस्ती नवऱ्याकडं नको."

आष्टी मागं पडली. पुढं कडब्यानं भरलेली एक बैलगाडी लागली. बद्रीनाथचं स्टेअरिंग उजवीकडं, रस्ता त्याला बरोबर दिसत होता. तरी त्यानं गाडी हळू केली आणि तो थांबून राहिला.

बेबीनंदानं पेटी घट्ट धरली, वाकून काचेतून लांबवर नजर टाकली आणि म्हणाली, "निघू द्या."