आर्डिथच्या नव्वदीची पानं

डिक्सीचा फोन आला तेव्हा लॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम उरकून नुकतीच घरी आली होती आणि गरम पाण्यात पाय सोडून बसली होती.

"एप्रिलमध्ये मॉमला नव्वद पूर्ण होतायत," डिक्सी म्हणाली. "कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये करतोय. सगळ्यांचं म्हणणं पडलं की भिंतीलगत टेबलं मांडून जुने फोटो चिकटवून सजवलेली पानं ठेवावीत. तू करतेस ना, तशी."

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?"

"बरं बाई. माझं."

डिक्सी ही लॉरीनच्या पूर्वीच्या नवऱ्याची, लमारची बहीण. लमार आणि लॉरीन वेगळे झाले त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती. तो आता दुसऱ्या बायकोबरोबर, शॉनाबरोबर, प्रोव्होला राहायचा. पण त्या घरातले सगळे फोटो लॉरीनकडेच राहिले होते. बुटांच्या खोक्यांत भरून तिनेच ते जपले होते, आणि वेगळं होताना ते मागायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"माझ्याच्यानं आता होत नाही गं, डिक्सी. उभी राहून राहून कंबर गेलीय माझी."

"माझ्याच्यानं तरी कुठं होतंय?"

डिक्सी एवढंच म्हणाली, आणि तेही तक्रार केल्यासारखं नाही. आई, आर्डिथ, पडली तेव्हापासून ती तिच्याकडे राहायला गेली होती. तिला उठवणं, बसवणं, रात्री दोनदा बाथरूमला नेणं, सगळं एकटीच्या अंगावर. तो सपाट आवाज ऐकून लॉरीनला नाही म्हणवेना.

"शनिवारी ये," ती म्हणाली. "घरातली जुनी बटणं असतील ती घेऊन ये."

लॉरीनच्या तळघरात टेबल-टेनिसचं टेबल होतं. मुलगा मोठा होऊन बॉयसीला गेल्यापासून त्यावर कुणी खेळलं नव्हतं. तिथेच तिचं सामान पसरलेलं असायचं. तिच्या पानांना गावातल्या बायका शॅबी शिक म्हणत. साय रंगाचा जाड कागद घ्यायचा, त्याच्या कडा हाताने फाडायच्या, फाटलेल्या कडेवर स्पंजने तपकिरी शाई चोळायची. लेस चहात बुडवून वाळवायची. वर फिकट गुलाबी कागदी फुलं, शर्टाची मोत्यासारखी बटणं, आणि मधे फोटो. कालची वस्तू आजीच्या पेटीतून काढल्यासारखी दिसली पाहिजे.

"चांगला कोरा कागद विकत आणायचा आणि मग तो फाडून, मळवून जुना करायचा," डिक्सी खुर्चीत अंग टाकत म्हणाली. "मला तर जुनं करायलाही नको. तशीच चिकटव पानावर."

"तू मावणार नाहीस."

"एवढं बोलायची गरज नव्हती."

दोघी थोडं हसल्या. मग डिक्सी लेसचे तुकडे कापायला लागली, तेही वाकडे. लॉरीनने ते सरळ करून घेतले.

दुसऱ्या शनिवारी डिक्सी पुन्हा आली. सगळ्या घराचा एक नाताळचा फोटो लॉरीनने पानावर ठेवला, तेव्हा डिक्सीने कात्री खाली ठेवली.

"एक सांगायचं होतं. शॉना येणार आहे कार्यक्रमाला. फोटोंत तू जरा कमी असलीस तर बरं."

"कमी म्हणजे किती?"

"म्हणजे... नसलीस तर."

लॉरीनने स्पंज खाली ठेवला. तिला राग यायला हवा होता, पण रागवायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. सकाळी तिने शाळेच्या मेळाव्यासाठी बटाटे सोलले होते, दुपारी इथे बसली होती. तिने नाताळचा फोटो उचलला आणि उजवीकडची, स्वतःची बाजू फाडून टाकली. कडेला शाई लावली. दिसायला ते छानच दिसलं. या प्रकारात फाटलेलं शोभूनच दिसतं.

त्या दुपारी तिने स्वतःला कितीतरी फोटोंतून काढलं. मुलाच्या वाढदिवसाच्या फोटोत केकच्या ताटलीखाली तिचा हात उरला होता. त्यावर तिने कागदी फूल चिकटवलं. डिक्सी मान खाली घालून बटणं निवडत राहिली. फाडलेले तुकडे लॉरीनने संध्याकाळी कचऱ्याच्या पिशवीत भरले आणि पिशवी बाहेर नेऊन ठेवली.

पुराचा फोटो निघाला तो पुढच्या शनिवारी. त्र्याऐंशीच्या वसंतात बर्फ वितळून ओढा गावात शिरला होता, तेव्हाचा. आर्डिथ आणि लॉरीन, दोघी कमरेपर्यंत चिखलात, मागे वाळूच्या पोत्यांची भिंत. आर्डिथचा हात लॉरीनच्या गळ्यात, आणि दोघी कशाला तरी खो खो हसतायत. लॉरीनला फाडायचं तर आर्डिथचा हात खांद्यापासून जाणार होता.

"हा घेऊच नको ना," डिक्सी म्हणाली.

"पुरातला मॉमचा एवढाच फोटो आहे."

"मग?"

लॉरीनने फोटो तिच्यापुढे सरकवला. "मी नाही फाडणार, डिक्सी. दमले मी. तुला फाडायचा असेल तर तू फाड."

डिक्सीने तो हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली आणि मग परत टेबलावर ठेवला. "राहू दे," ती म्हणाली. थोड्या वेळाने लॉरीनने वर पाहिलं तर ती टेबलावर डोकं टेकून झोपून गेली होती, गालाला लेसचा तुकडा चिकटलेला. लॉरीनने तिच्या अंगावर शाल टाकली आणि फोटो न फाडता ते पान एकटीनेच पुरं केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी पानं मांडून निघून जायचं असं तिने ठरवलं होतं. पण चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी गरम करायला कुणी नव्हतं, मग जेली कापायला कुणी नव्हतं, असं करत करत हॉल भरला. ती हात पुसत बाहेर आली तेव्हा पानांपाशी निळ्या ड्रेसमधली एक बाई उभी होती.

"तू लॉरीन ना? मी शॉना."

"ओळखलं मी."

"कधीची बघतेय ही पानं. वीस वर्षं या घरात होतीस, आणि फोटोत आहेस ती फक्त या पुरात." शॉनाने आवाज खाली आणला. "माझ्यामुळे का?"

"डिक्सीला वाटलं, तुला अवघड होईल."

"मला विचारलं कुणी?" शॉना म्हणाली. "मी खोलीत शिरले की हे लोक गप्प होतात. माझ्यासमोर तुझं नावसुद्धा काढत नाहीत. जसं काही मीच तुमचं घर फोडलं. अगं, तुम्ही वेगळे झालात तेव्हा मी लमारला ओळखतसुद्धा नव्हते."

ही बाई लॉरीनच्या मनात इतकी वर्षं होती, पण हिलाही कशाचा भार असेल असं लॉरीनला कधी वाटलं नव्हतं.

इतक्यात डिक्सी आर्डिथची चाकाची खुर्ची ढकलत तिथे घेऊन आली. म्हातारी एकेक पान डोळ्यांजवळ धरून बघत होती. पुराचा फोटो बघून म्हणाली, "माझा बूट गेला होता त्या चिखलात." मग नाताळच्या पानावर तिने फाटलेल्या कडेवर बोट ठेवलं.

"इथे लॉरीन होती. मी विणलेला लाल स्वेटर होता अंगात."

आर्डिथने डिक्सीकडे पाहिलं.

"फाटला का?"

"मीच सांगितलं फाडायला, मॉम," डिक्सी म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. "मला वाटलं, भांडणं नकोत."

"भांडत कोण होतं?" आर्डिथने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

शॉना लॉरीनकडे वळली. "ते तुकडे आहेत का?"

"नाहीत. कचऱ्यात गेले."

आर्डिथने पान मांडीवर ठेवलं. तिचा केक अजून कापायचा होता, पण ती म्हणाली, "मला आडवं व्हायचंय." तिघींनी मिळून तिला हॉलमागच्या छोट्या खोलीत नेलं. लॉरीनने तिचे बूट काढले, शॉनाने कोट घडी करून उशाला दिला. डिक्सी भिंतीला टेकून उभी होती. उभ्याउभ्याच तिचे डोळे मिटत होते.

"तू शेवटची कधी नीट झोपलीस?" शॉनाने तिला विचारलं.

"आठवत नाही गं."

पुढच्या महिन्यापासून शॉना अधूनमधून शनिवारी प्रोव्होहून गाडी काढून येते आणि दिवसभर आर्डिथपाशी बसते. लमार क्वचितच बरोबर येतो. त्या शनिवारी डिक्सी लॉरीनकडे येते. पानं वगैरे काही करत नाहीत दोघी. लॉरीनने टेबलावरचं सामान खोक्यांत भरून ठेवलंय, आणि पुन्हा कधी काढेल असं तिला वाटत नाही. डिक्सी वरच्या सोफ्यावर दुपारभर झोपते. लॉरीन शेजारच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसते, आणि बहुतेकदा तिलाही डुलकी लागते.