फ्रीजमधली पापलेटं

अंधेरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी टेलिफोनचे बोर्ड बनवायची. सत्त्याऐंशी साल असेल. तिथे कुलूपवाला एकच फ्रीज होता आणि तो पाण्यासाठी नव्हता. त्यात पेस्ट असायची. राखाडी, भिजवलेल्या चुन्यासारखी. ती बोर्डावर लावून भट्टीतून काढली की वितळून तिचं कथील व्हायचं आणि सुटे भाग जागच्या जागी चिकटायचे. माल परदेशी, बर्फात यायचा. तो थंडच ठेवायचा. वापरायच्या आधी डबा न उघडता बाहेर काढून त्याचा गारवा जाऊ द्यायचा, घाई केली तर आत दव धरतं. आणि उन्हाळ्यात बाहेरच राहिला तर संपला.

माझी धाकटी बहीण प्रेमा तो फ्रीज सांभाळायची. मे महिन्यात एकदा मी रजेवर होते, तेव्हा भट्टीतून निघालेल्या बोर्डांवर मोहरी सांडावी तसे कथलाचे गोळे. सगळा माल फुकट. प्रेमाने मालकांना डब्याच्या झाकणाला चिकटलेली खवलं दाखवली.

"कुणीतरी डबे बाहेर काढून आत मासे ठेवले होते."

कुणीतरी म्हणजे तावडे. आमचा सुपरवायझर. सकाळी मरोळहून मासे आणायचा, प्रेमाकडून चावी मागून घ्यायचा आणि घरी जाईपर्यंत फ्रीजमध्ये कोंबायचा. सगळ्या लाइनला ठाऊक होतं. पण मालकासमोर तोच म्हणाला, "हिचेच मासे. चोर ती चोर, वर तोंड करून बोलते." लाइनवरच्या सगळ्या बायका खाली मान घालून बसल्या. प्रेमाला कामावरून काढलं. गेटवर तावडेने तिच्या हातात तिचा जेवणाचा डबा ठेवला आणि म्हणाला, "जा, घरी जाऊन कालवण कर."

शेजारच्या गाळ्यांतही त्याने तिचं नाव पोचवलं. कुठेच घेईनात. घरी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

फ्रीजची चावी माझ्याकडे आली. तावडे म्हणाला, "तू बरी आहेस, मालन. गप्प असतेस."

मी गप्पच राहिले. त्याची पिशवी आली की ठेवायची, सुटी झाली की द्यायची. डबा मात्र त्यासाठी एकही हलवू दिला नाही.

मग एका सकाळी माल घेणाऱ्या कंपनीचे साहेब पाहणीला यायचे होते. तावडे पिशवी देताना म्हणाला, "ते यायच्या आत काढून वॉचमनकडे दे." मी मान हलवली. पिशवी मधल्या फळीवर ठेवली, दार उघडलं की तोंडासमोर येईल अशी. कुलूप लावलं, चावी पदराला बांधली.

पाहुणे भट्टीपाशी पोचले तेव्हा तो धावत आला. "काढलीस ना?"

"नाही."

"अगं, वाट लागेल माझी! चावी आण."

"आधी लाइनला सांगा, प्रेमाचे मासे नव्हते."

"वेड लागलंय का तुला? ते इकडेच येतायत!"

"मग लवकर सांगा."

तो लाइनकडे वळला आणि भरभर बोलला, "प्रेमाचे नव्हते. माझे होते. झालं समाधान?"

बायकांचे हात थांबले. मी पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ घट्ट होती आणि मला घाई नव्हती. ती सुटेपर्यंत मालक पाहुण्यांना घेऊन आले.

"फ्रीज उघड गं."

मी उघडला. पिशवीतून पापलेटाची शेपटी बाहेर आली होती. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हे कुणाचं?" मालक ओरडले.

"हिचंच, साहेब. दोघी बहिणी सारख्याच," तावडे म्हणाला.

तेवढ्यात वनमाला स्टुलावरून उठली. "अहो, आत्ता तर म्हणालात माझे होते म्हणून! आम्ही काय बहिऱ्या आहोत?" मग दुसरी बोलली, तिसरी बोलली. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

प्रेमा पुढच्या आठवड्यात परत तिच्या जागेवर बसली. पण मला आठवतं ते त्याच दुपारचं. नोकरी गमावून तावडे गेटबाहेर निघाला होता. मी मागून धावत गेले आणि पाणी गळणारी पिशवी त्याच्या हातात दिली.

"जा साहेब, घरी जाऊन कालवण करा."