दाराखालच्या फटीवरचा अजगर

मित्रांनो, अजगर म्हटलं की तुम्ही दोन पावलं मागं सराल, म्हणून आधीच सांगून टाकतो, मी चावत नाही. मी कापडाचा आहे आणि आता चांगलाच जुना झालोय. दाराखाली जी फट असते तिच्यापुढे आडवं पडायचं आणि गार वारा आत येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. नुसतं लोळत पडायची अशी नोकरी आपल्याला कधी मिळाली नाही, असं आमच्या घरचे आजोबा म्हणायचे.

मला आजींनी शिवलं. आजोबांची जाड लोकरीची पँट बसून बसून मागे विरली होती, पाय मात्र धडधाकट होते. आजींनी त्यातला एक पाय कापून घेतला, दुहेरी शिवण घातली आणि आत धुऊन वाळवलेली वाळू आणि सुताराकडचा भुसा निम्मा-निम्मा भरला. नुसती वाळू घातली असती तर मी कुणालाच हललो नसतो, आणि नुसत्या भुशाला वाऱ्यानं कधीच ढकलून दिलं असतं. त्यांची लेक तेव्हा शाळेत होती. तिनं डोळे म्हणून दोन बटणं लावली, एक काळं, एक तपकिरी. अजगर हे नावही तिचंच.

आतल्या खोलीच्या बाल्कनीच्या दाराशी मी कितीतरी हिवाळे काढले. थंडीत आजींचे गुडघे फार दुखायचे. पाहुणे आले की त्या मला पायानं हळूच सरळ करत म्हणायच्या, "हा आहे म्हणून मी उभी आहे." तेव्हा मला मूठभर मांस चढायचं. अंगात मांस नाही, भुसा आहे, ते सोडा.

पुढं लेक लग्न होऊन दूर गेली. मग आजी गेल्या. आजोबांनी आपली कॉट बाहेरच्या खोलीत ओढली आणि मला कपाटावर टाकलं. तिथं मी चार हिवाळे धूळ खात पडलो. माझ्याकडे कुणी बघायचं नाही, आणि खरं सांगतो, मला फार एकटं वाटायचं. एकच विरंगुळा होता. खोलीचं दार उघडं असायचं आणि कपाटावरून मला थेट बाहेरचं मुख्य दार दिसायचं.

त्या दारातून रोज एक गंमत चालायची. आजोबा सकाळी कोपऱ्यावरून वर्तमानपत्र आणत, चहाबरोबर शब्दकोड्यातले आडवे शब्द भरत, आणि दुपारी तो अंक समोरच्या बिऱ्हाडाच्या दाराखालून आत सारत. समोर एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहायच्या. त्या उभे शब्द भरायच्या आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला अंक आमच्या दाराखालून परत यायचा, सर्रकन. आजोबा चष्मा चढवून तो तपासत. एकदा बाईंनी त्यांचा एक आडवा शब्द खोडून दुरुस्त केला होता, तेव्हा आजोबा एकटेच किती वेळ हसत होते. जिन्यात भेटले तर दोघं "काय, बरं आहे ना?" याच्यापुढे जात नसत. पण आजींच्या मागं त्या घरात माणसाचं असं जे काही उरलं होतं, ते त्या फटीतून यायचं.

या वर्षी थंडीच्या तोंडावर लेक आली. तिनं मेणबत्ती पेटवून खिडक्यांच्या कडेकडेनं फिरवली. ज्योत जिथं वाकली तिथं फोमची पट्टी चिकटवली, चौकटीच्या भेगांत पुट्टी भरली. मुख्य दाराखाली ज्योत विझलीच. "बाबा, सगळी थंडी इथूनच येतेय," असं म्हणत तिनं मला कपाटावरून काढलं, झटकलं आणि दाराशी आणून ठेवलं. "संध्याकाळ झाली की याला दाराला टेकवायचं. विसरायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत गेली.

मला पुन्हा काम मिळालं होतं. मी खूश होतो. सात वाजले आणि माझ्या पाठीला कागद टोचला.

एकदा. मग दुसऱ्यांदा, जरा जोरात. मला सगळं कळत होतं, पण वाळूनं भरलेला जीव मी, सरकणार कसा? बाईंनी कागद मागे ओढला, त्याचा एक कोपरा फाटून माझ्याखाली, शिवणीत अडकून राहिला. त्यांनी अंक बाहेर पायपुसण्यावर ठेवला आणि निघून गेल्या. सकाळी आजोबा दार उघडायच्या आत जिना झाडणाऱ्या मावशींनी तो उचलून पोत्यात टाकला. त्यांना तरी काय बोलणार? जिन्यात पडलेला कागद त्या रद्दीच समजायच्या.

असं पाच दिवस झालं. आजोबा रोज अंक देत आणि संध्याकाळी दाराकडे बघत बसत. त्यांची कंबर धरलेली, ते मला पायानंच सरकवायचे. मी नेमका कुठं पडतोय, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. सहाव्या दिवशी त्यांनी अंक कॉटखाली टाकला. "कंटाळल्या असतील," ते भिंतीला म्हणाले, "आपण कशाला मागं लागा." तिकडं बाईंना वाटलं असणार, आधी फट बुजवली, आता अंकही बंद केला. दोघंही मानी. दार कुणीच वाजवलं नाही.

घर मात्र छान उबदार झालं होतं. "हो गं, थंडी अजिबात लागत नाही," आजोबा फोनवर लेकीला सांगायचे. मग दिवसभर त्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. कोडी त्यांनी सोडलीच. फिरायला जाणंही कमी झालं, त्यामुळं मी रात्रंदिवस दाराशीच.

थंडी सरता सरता एका दुपारी जिन्यात सामानाची आदळआपट ऐकू आली. आजोबांचा डोळा लागला होता. कुणाच्या तरी चपला आमच्या दाराशी थांबल्या. खालून दोन बोटं आत आली, त्यांनी मला चाचपलं, आणि हळूच मागं गेली. चपला जिना उतरल्या.

चार दिवसांनी लेक आली. मला धुवायला म्हणून तिनं उचललं, तर खाली तो फाटका कोपरा. त्यावर निळ्या शाईत उभे शब्द.

"बाबा, हे काय?"

आजोबांनी तो तुकडा हातात घेतला. "म्हणजे त्या देत होत्या," एवढंच म्हणाले आणि तसेच अनवाणी समोर गेले. तिथं कुलूप होतं.

मावशी जिना झाडत होत्या. "बाई गेल्या ना मुलाकडं, कायमच्या," त्या म्हणाल्या. "तुमच्या दाराशी वाकलेल्या बघितल्या मी. म्हटलं, तुम्हाला भेटल्या असतील."

आजोबांनी कुलूप एकदा हलवून बघितलं. लेकीचे डोळे भरून आले. "मला काय माहीत, बाबा."

"तुझी काय चूक? तू फट बुजवलीस," आजोबा म्हणाले. "दार मला उघडता येत होतं."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या फटी जरूर बुजवा. माझ्यासारख्या जुन्या कापडी जिवाला टाकून देऊ नका, आमचा उपयोग होतो. पण वारा अडवून झाल्यावर दिवसातून एकदा दार उघडून बाहेर बघत जा. एवढंच माझं मागणं आहे.

मी आता धुऊन स्वच्छ होऊन पुन्हा कपाटावर आहे. दाराखालून गार वारा सरळ आत येतो. आजोबा पायांवर कांबळं घेऊन त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात. सात वाजले तरी उठत नाहीत. मला खाली काढावं, असं या वेळी मलाही वाटत नाही.