खालची ओळ

“लेकरू वाचायला बसलं की घरातल्या एकानं तरी हातातलं काम खाली ठेवायचं. ऐकायला कुणी नसलं, तर अक्षर रुसतं.”

गुंडेराव मास्तरांचा तो आवाज रुद्रम्माच्या कानात अजून तसाच होता. किंचित फाटलेला, शेवटच्या शब्दाला वर उचलून धरणारा. दाराशेजारच्या भिंतीला लाल मातीचा पोतेरा देताना तो ऐकू येई आणि तिचा हात आपोआप हळू होई. आज तर तो अगदी पाठीमागून आल्यासारखा वाटत होता. दुपारच्या मोटारीनं मास्तर स्वतःच हळ्ळीखेडला येणार होते. लेक नागम्मा बीदरला लहान मुलींना शिकवायची. तिनंच निरोप धाडला होता. मास्तरांना आता दिसत नाही, पण त्या गल्लीतून एकदा चालायचं म्हणतायत, घेऊन येते, संध्याकाळच्या मोटारीनं परत नेते.

ओसरीवर बाजेवर मडिवाळप्पा बसले होते. रुद्रम्माचे सासरे. हाडं थकली होती, पण आवाजात अजून जरब होती.

“भिंत कामून सारवायलीस? सण हाय का काय?”

“मास्तर यायलेत, मामा.”

“आंधळ्या माणसाला भिंत दाखवणार व्हय?”

रुद्रम्मानं पोतेरा पुन्हा भिंतीवर फिरवला. सासऱ्यापुढं उत्तर द्यायची तिला सवयच नव्हती. पण मनात एक गोष्ट तिनं पक्की केली होती. आज मास्तरांना सांगायचं. सासरे बाजेवर बसलेले असले तरी सांगायचं. मास्तर पुन्हा या गावात येतील, ह्याचा काय भरवसा?

*

तेव्हा नागम्माचे दुधाचे दात पडत होते. गावात सरकारी शाळा होती, तिथं उर्दू चाले. मास्तरांनी तालुक्याला हेलपाटे घालून मराठी शाळेची इजाजत मिळवली आणि मठाच्या ओवरीत पोरं गोळा केली. पहिल्याच महिन्यात त्यांनी आईबापांना बोलावलं, तेही सोमवारी. सोमवारी लिंगायतांच्या या घरांमधून बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. बैल मोकळे, म्हणजे माणसंही मोकळी.

पुरुष पुढं बसले, बाया खांबाआड. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, “पाटी घ्या म्हणून मी कुणाला सांगणार नाही. दाराशेजारी दोन हात भिंत लेकराला द्या. तिन्हीसांजेला तिला लाल माती लावा. दिवा लागला की लेकरानं त्यावर धडा लिहायचा. पहाटे मी गल्लीतून येईन, बघून जाईन. शिळी का होईना, भाकर खाऊन धाडा. अभ्यासापायी मारू नका. मारायचं असलं तर मला सांगा, मीही मारणार नाही. शाळा सुटल्याशिवाय पाखरं हाकायला रानात धाडू नका. आणि लेकराचं काम लेकरालाच करू द्या. आईबापानं लिहिलं, तर नाव पटावरून काढीन.”

“मास्तर,” मागून वीरण्णा म्हणाला, “साळा लेकराची हाय का आमची?”

“दोघांची. लेकराची दिवसा, तुमची दिवा लागल्यावर.”

सगळे हसले. मास्तरांनी प्रत्येक घराला शिरगोळ्याचा एकेक खडा वाटला. बाया रांगोळीसाठी कुटतात तोच पांढरा दगड. लाल भिंतीवर तो चांदण्यासारखा उमटे.

मडिवाळप्पा तेवढे हसले नव्हते. ज्वारी हुरड्यात येत होती आणि पाखरं हाकायला नागम्माचा गळा चांगला होता. घरी येता येता, चार माणसं बरोबर असताना त्यांनी सांगून टाकलं, “जाऊ दे पोरगी. पर ज्या सकाळी माझ्या दारची भिंत कोरी दिसंल, त्या सकाळपासून पोरगी रानात. मग मास्तर येवो का मास्तराचा बाप.”

रुद्रम्माचा नवरा शरणप्पा गुलबर्ग्याच्या गिरणीत होता. सणावाराला घरी येई. घरात शब्द चाले तो सासऱ्यांचा.

तिन्हीसांजेला रुद्रम्मा भिंत सारवी, चुलीतला जाळ मागं ओढी आणि लेकीजवळ बसे. मास्तरांनी सांगितलं होतं म्हणून हात रिकामे ठेवी. सुरुवातीला त्या रिकाम्या हातांचीच तिला लाज वाटे. मग हळूहळू कान भरू लागले. नागम्मा म्हणे ‘क’ आणि भिंतीवर एक वाटोळं वळण फिरे. म्हणे ‘ग’ आणि एक काठी उभी राही. रुद्रम्माचे डोळे त्या खड्याच्या मागं मागं जात. भाकरी थापताना तिच्या ओठांवर आपसूक आलं,

लाल मातीची भिंत, वर पांढरं चांदणं,
लेकीच्या बोटांचं गं माझ्या दाराला गोंदणं.

मग नागम्माला ताप भरला. अंग निखाऱ्यासारखं. पहिल्या संध्याकाळी पोर उठून बसलीच नाही. रुद्रम्मा तिच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवत राहिली, पण तिची नजर दाराकडं होती. भिंत सारवलेली होती, ओली, गुळगुळीत आणि कोरी. सासऱ्यांनी चार माणसांत बोललेला शब्द होता. पोरगी तापातून उठेल, पण मग रानातच जाईल, हे तिला दिसत होतं. आणि आपण खडा धरला, तर मास्तर नाव काढतील. एका बाजूला सासऱ्यांचा शब्द, दुसऱ्या बाजूला मास्तरांचा.

कोंबडं आरवलं तेव्हा ती उठली आणि भिंतीपुढं बसली. उभं राहून लिहितात हे तिच्या ध्यानातच आलं नाही. बाई रांगोळीला बसते, तशी ती बसली. आदल्या दिवशीचा धडा तिला तोंडपाठ होता.  खडा तिनं चिमटीत धरला आणि हाताला जे ठाऊक होतं तेच केलं. आधी ठिपके मांडले, मग ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर ओढलं. एकेक अक्षर असं, उंबऱ्यापुढच्या कमळासारखं.

फटफटलं. मडिवाळप्पा लिंबाची काडी चावत दारात येऊन उभे राहिले. गल्लीच्या तोंडातून मास्तर आले. रुद्रम्मा दाराआड उभी.

मास्तर भिंतीपुढं बराच वेळ थांबले. मग खाली वाकले. नागम्मा आदल्या दिवशी शाळेत नव्हती, हे त्यांना ठाऊक नसणार कसं?

“पोरीला ताप हाय, मास्तर,” मडिवाळप्पा काडी तोंडातून काढून म्हणाले. “पर बघा, भिंत कोरी न्हाई.”

“दिसतंय की,” मास्तर म्हणाले.

बस, एवढंच. त्यांनी आपल्या खड्यानं बरोबरची खूण केली. मग गुडघे टेकून, त्या अक्षरांच्याही खाली, जिथं बसल्या बाईचा हात सहज पोचावा तिथं, एक नवी ओळ लिहिली आणि घसा साफ करून जरा मोठ्यानंच म्हणाले, “उद्यासाठी हे.”

नागम्मा तापातून उठली, शाळेत गेली, पुन्हा स्वतः लिहू लागली. वरची ओळ तिची. पण मास्तर रोज पहाटे खालीही एक ओळ ठेवून जात. दुसऱ्या दिवशी, नव्यानं सारवलेल्या मातीवर, तीच ओळ ठिपक्यांनी पुन्हा लिहिलेली असे. मास्तर खूण करीत. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. खडा झिजून नखाएवढा होई, तोवर भिंतीतल्या कोनाड्यात नवा खडा आलेला असे. किती ध्यान ठेवतो हा माणूस, असं रुद्रम्माला वाटे आणि ती मनातल्या मनात हात जोडी.

खालची ओळ हळूहळू तिच्या घरात शिरली. चूल. ताक. कडबा. भाकर गरम आहे. मग एका पहाटे तिथं एकच शब्द होता. तिनं अक्षरं लावली आणि तिचा तिच्यावरच विश्वास बसेना. दात घासणाऱ्या नागम्माला तिनं हाक मारली. “हे काय लिवलंय गं?”

“तुझंच नाव की, अव्वा. रुद्रम्मा.”

त्या तिन्हीसांजेला तिच्यानं भिंत सारवली गेली नाही. दुसऱ्याही सांजेला नाही. आपल्याच नावावरून पोतेरा कसा फिरवायचा? नागम्मानं वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं लिहिलं. शेवटी मास्तर मडिवाळप्पांना म्हणाले, “भिंत जुनी झाली, अप्पा. सारवली तरी लिहिणारा राहतोच.” दाराआड तिनं ते ऐकलं आणि त्या संध्याकाळी माती कालवली.

पुढं मास्तरांनी बीदरला शाळा धरली. गाडीत बसताना साऱ्या गल्लीनं त्यांना निरोप दिला. रुद्रम्मा डोक्यावरचा पदर ओढून मागं उभी होती. तेव्हाही ती बोलली नाही.

*

दुपार कलली तेव्हा नागम्मा मास्तरांचा हात धरून गल्लीत शिरली. माणूस वाळला होता, पण टोपी तशीच ताठ.

“इथं वीरण्णाचं घर. त्याच्या पोराचं ‘ळ’ कायम उताणं पडायचं,” मास्तर बोलत येत होते. “आणि हा वास ओल्या मातीचा. थांब पोरी. इथं भिंत सारवलीय.”

“अव्वानं सारवलीय. तुमच्यासाठी.”

“मला आता दिसत नाही, हे सांगितलं नव्हतंस का?”

“सांगितलं व्हतं. पर अव्वा कुठं माझं ऐकायलीय. ती तुमचंच ऐकत आलीय.”

मडिवाळप्पांनी बाजेवर सरकून जागा केली आणि हात जोडून आपल्या पद्धतीचा नमस्कार केला. “शरणार्थी, मास्तर. या. आता तुमी न् मी सारखेच. तुमाला दिसत न्हाई, मला चालता येत न्हाई.”

“मग बरं झालं. दोघं मिळून एक धड माणूस तरी झालो.”

म्हातारे हसले. रुद्रम्मानं ताकाचे पेले आणले. मास्तरांच्या हातात पेला दिला आणि आत वळायचं सोडून ती तिथंच उभी राहिली. नागम्मानं आईकडं बघितलं. पदराचं टोक रुद्रम्माच्या मुठीत चुरगळलं होतं.

“मास्तर,” ती म्हणाली, “एक सांगायचं राहिलंय. तुमी म्हणला व्हता, आईबापानं लिवायचं न्हाई. मी लिवलं. पोरगी तापानं पडली व्हती तवा मी लिवलं. न् पुढं खालची ओळबी मीच लिवायचे. तुमी नाव काढलं न्हाई. रोजच्या कामात कुठं नाव लिवलेलं दिसलं, पोत्यावर, मोटारीवर, की मी वाचते, न् तुमची याद येते. हे तुमाला सांगितल्याबिगर मला मरायचं नव्हतं.”

मास्तरांनी पेला दोन्ही हातांत धरला.

“अक्का, पोरगी शाळेत नव्हती हे मला ठाऊक होतं. मग भिंत कुणी लिहिली म्हणून मी समजावं? ह्या मडिवाळप्पांनी?” ते जरासे हसले. “नाव काढतो म्हणालो होतो खरं. पण ठिपके देऊन अक्षर लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव पटावर नव्हतंच, तर काढू कुठून? खरं सांगू? मला गल्लीत पहाटे यायला त्या ओळीमुळं हुरूप यायचा. उपकार फिटायचे असले तर माझ्याकडूनही थोडे फिटायचेत.”

रुद्रम्माचे डोळे भरले. पदरानं पुसत ती म्हणाली, “न् तुमी खडा ठेवून जायचा, ते तर सांगायचं इसरलेच. एक संपला की कोनाड्यात दुसरा. कधी मागायची पाळी आली न्हाई.”

“खडा?” मास्तरांनी तोंड तिच्या आवाजाकडं वळवलं. “खडे मी त्या सोमवारी वाटले तेवढेच, अक्का. पुन्हा मी ठेवले नाहीत.”

 गोठ्यातल्या बैलानं मान हलवली, घुंगरू वाजलं. नागम्मानं हळूच आजोबांकडं पाहिलं. मडिवाळप्पा भिंतीकडं बघत होते. ओल्या मातीवर कलतं ऊन पडलं होतं आणि माती कडेकडेनं सुकत चालली होती.

“मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात मिळायचा,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण सावकाश येत होता. “शब्द तर चार माणसांत देऊन बसलो व्हतो. पोरगी तापात, न् मी पहाटे दारात यायला भ्यालो. भिंत भरलेली दिसली तवा जीव भांड्यात पडला. मला वाचता येत न्हाई, पर ठिपके वळखू येतेत. ह्या उंबऱ्यापुढं सणासणाला तेच बघत आलोय. मग बाजाराला गेलो की एक खडा घ्यायचो. सून लिवतीय म्हणून बोललो असतो, तर गल्ली हसली असती, न् तू हात आखडता घेतला असतास. म्हणून बोललो न्हाई. पुढं बोलायची सवयच राहिली न्हाई.”

ते थांबले. मग भिंतीवरची नजर काढून त्यांनी सुनेकडं नीट बघितलं.

“चांगलं लिवतीस, रुद्रम्मा.”