टाकी भरलेली, दिवा लाल

सौंसर मागं पडलं नाही तोच गाडीतला लाल दिवा लागला आणि रवींद्रनं वेग कमी केला.

"काल तर टाकी भरली तुमी," शेजारून त्याची बायको जयश्री म्हणाली.

"भरली न. पन गळून राहिली असन तर?"

गाडी त्याच्या वडिलांची, पुंडलिकरावांची. जुनी मॉरिस. ते गेल्यावर रवींद्रनं ती बँकेच्या नोकरीतून सवड काढून जिवापाड सांभाळली होती. पेट्रोलचा काटा कधीचाच बंद पडला होता आणि तसा काटा आता कुठं मिळत नव्हता. म्हणून दिवाळीनंतर नागपूरच्या एका दुकानात त्यानं टाकीत पेट्रोलची पातळी कळवणारा नवा तरंगा आणि समोर हा दिवा बसवून घेतला. पेट्रोल संपत आलं की तो लागायला हवा. पण हा मनात येईल तेव्हा लागे आणि रवींद्रच्या जिवाला घोर लावी.

पांढुर्ण्याला त्याच्या बहिणीच्या, मीनाच्या मुलीचं बारसं होतं. मागच्या सीटवर आई, केसरबाई, मांडीवर झबल्या-टोपड्यांचं गाठोडं घेऊन बसली होती.

रवींद्रनं गाडी थांबवून टाकीत काडी घातली. ती चांगली वरपर्यंत भिजून आली. खाली वाकून पाहिलं, थेंबही गळत नव्हता. पुन्हा निघाला, पण नजर रस्त्यावर कमी आणि दिव्यावर जास्त. समोरून कापसाची बैलगाडी आली.

"अहो!" जयश्री किंचाळली.

गाडी कडेला संत्र्याच्या बागेच्या कुंपणाला टेकता टेकता थांबली. सगळेच खाली उतरले. रवींद्र खिडकीतून आत डोकावला. डॅशबोर्डकडे पाहिलं, तर दिवा विझलेला.

"मले बसच्या थांब्यावर सोड," केसरबाई एकदम म्हणाली. "मी बसनं येते."

"कायले?"

"मी बसली का तो लागते, उतरली का इजते. लय दिसापासून पाहून राहिली मी. तुह्या बापानं कधी बसवलं नाही मले ह्या गाडीत. आता गाडीलेबी मी चालत नाही."

"काहीच्या काही बोलून राहिली तू, माय!"

"रामाकोन्याच्या लग्नाले म्हनूनच नाही आली. गुडघ्याचं उगाच सांगतलं."

रामाकोन्याला रवींद्र आणि जयश्री दोघंच गेले होते. त्या दिवशी दिवा एकदाही लागला नव्हता आणि तो येता-जाता शीळ घालत होता, हे त्याला आठवलं. आई घरी एकटी होती.

"जयश्री," तो म्हणाला, "तू बस मागं. मायच्या जागेवर."

ती बसली. दिवा लागला. उजवीकडं सरकली, विझला. परत डावीकडं आली, लागला.

"पाह्य माय, हिच्यानंबी लागते!"

केसरबाई दोन पावलं जवळ आली.

रवींद्रनं डिकी उघडून टाकीवरच्या तरंग्याची तार काढली. दिवा तसाच. म्हणजे तरंगा ठीक होता, दोष तारेत होता. जयश्रीला उतरवून त्यानं मागची गादी उचलली. दुकानदारानं नवी तार गादीखालून नुसतीच ओढून नेली होती. डाव्या बाजूला स्प्रिंगखाली ती चेपून सोलली होती. वजन पडलं की उघडं तांबं पत्र्याला टेके आणि दिवा लागे. उजवीकडं तारच नव्हती.

"एवढंच?" केसरबाईनं विचारलं.

"एवढंच."

सायकलच्या ट्यूबची पट्टी तारेवर आवळून बांधून त्यानं ती बाजूनं नेली. आई बसली. दिवा लागला नाही. तरी ती बराच वेळ अंग चोरून, दाराचा दांडा धरून बसली होती.

पांढुर्ण्याला पोचेपर्यंत नाव ठेवून झालं होतं. मीनाची सासू जयवंता दारातच म्हणाली, "एवढा उशीर?"

"सीटखाली तार घासली होती," केसरबाई चपला काढत म्हणाली. "बांधली." आणि तिनं नातीसाठी हात पुढं केले.

जेवताना रवींद्र नुसताच भात कालवत राहिला. आणखी काय काय आई अशीच न बोलता गिळून बसली असेल, हेच मनात घोळत होतं. शेवटी तो पानावरून उठला, आत गेला आणि आईजवळ बसला.