ज्योत्स्नाबाईंची अट

रविवारच्या उपासनेच्या शेवटी तोताराम पाळकांनी डीकनपदासाठी निवडलेली दोन नावं वाचून दाखवली, आणि मेहरूणच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत पहिल्यांदाच एका बाईचं नाव ऐकू आलं. ज्योत्स्नाबाई. दुसरं नाव सुकलालभाऊंचं होतं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही, कारण त्यांनी पद स्वीकारायच्या दिवसासाठी पांढरा शर्ट शिवायला टाकलासुद्धा होता, आणि तोही ज्योत्स्नाबाईंकडेच.

"डीकन म्हणजे मंडळीचा सेवक," पाळक म्हणाले. "आजारी, एकटे, विधवा, यांचं बघणारा. ज्योत्स्नाबाईंनी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं इतकी वर्षं केलं. त्यांच्याहून योग्य कोण?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या.

"मला जमणार नाही," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. पुढचं गीत लोक जरा चाचपडतच गायले.

घरी आल्यावर भूपेंद्र, त्यांचा नवरा, चपला काढता काढता म्हणाला, "एवढा मान देत होते. तुला तर सवय आहे त्या कामाची."

सवय. ज्योत्स्नाबाई शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. सासूला लकवा झाला त्या दिवसापासून शौचाचं भांडं त्यांनीच उचललं, कूस त्यांनीच बदलली, पाठीला पावडर त्यांनीच लावली. सून होत्या म्हणून. करशील का, असं कुणी विचारलं नव्हतं. घरात पाणी भरायचं असतं तसं तेही करायचं होतं. सासू गेली तेव्हा लोक म्हणाले, लेकीसारखं केलंस. त्यांना मात्र आतून इतकं हलकं वाटलं होतं की त्या हलकेपणाची देवाकडे क्षमा मागावी लागली होती. आता तेच ओझं देवाच्या नावाने पुन्हा डोक्यावर ठेवायचं? आणि वर त्याला मान म्हणायचं?

दोन दिवसांनी पाळक घरी आले. ज्योत्स्नाबाई वाद घालायच्या तयारीत होत्या, पण पाळक म्हणाले, "चूक माझी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. नाही म्हणालात, विषय संपला." मग चहा पिऊन उठताना म्हणाले, "एक शिवणकाम होतं. नशिराबादच्या बिजलीबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय. कपडे घालता-काढताना फार त्रास होतो. पुढून उघडणारा एखादा गाऊन शिवाल का?"

बिजलीबाई सातपुड्याच्या पायथ्याकडची. वीटभट्टीच्या कामाला म्हणून नवऱ्याबरोबर आली आणि इथलीच झाली. नवरा गेला, मुलगा सुरतेला गेला. मंडळीत ती मागच्या चटईवर बसायची आणि शेवटची प्रार्थना झाली की निघून जायची. ती दिसेनाशी झाली, हे कुणाच्या फारसं ध्यानातही आलं नव्हतं.

गाऊन मापाला बसतो की नाही ते पाहायला हवं, म्हणून ज्योत्स्नाबाई स्वतःच रिक्षाने नशिराबादला गेल्या. दार उघडंच होतं. आत शेजारची हसीनाबी बिजलीबाईला कुशीवर वळवायला धडपडत होती.

"तुम्ही चर्चवाल्या का?" हसीनाबीने धापा टाकत विचारलं. "रोज मीच बघते हिचं. पण माझी कंबर आता जवाब देतेय. जरा हात लावा."

ज्योत्स्नाबाईंना वाटलं, गाऊन द्यावा आणि निघावं. पण हसीनाबीने चुकीच्या बाजूला हात घातला होता आणि म्हातारी कण्हली. ज्योत्स्नाबाईंनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यांमध्ये उशी सरकवली, चादर धरून हळूच ओढली. बिजलीबाई अलगद कुशीवर आली. मग खालची ओली चादर दिसली. मग पाणी तापवावं लागलं. अंग पुसून, गाऊन घालून झाला तेव्हा दुपार कलली होती.

बिजलीबाई इतका वेळ त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. "तुन्हा हातस्ले सवय शे," ती म्हणाली.

पुन्हा तोच शब्द. ज्योत्स्नाबाई तुटकपणे म्हणाल्या, "हो. सासूचं केलंय."

"आन तुन्हं कोनी करं?"

आपलं कुणी केलं, हे ज्योत्स्नाबाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हातारीने खाटेच्या कडेवर हात थोपटला. "थकेल शे तू. बस आठे."

त्या बसल्या. बिजलीबाईने त्यांचा हात हातात घेतला, काही मागितलं नाही, आभारही मानले नाहीत. हसीनाबी चहा ठेवायला गेली. आणि ज्योत्स्नाबाई, मंडळीतल्या सगळ्यांना खंबीर म्हणून माहीत असलेल्या, त्या खाटेवर बसून हुंदके देऊन रडल्या.

परत येताना त्यांना राग सासूचा आला नाही, कामाचाही नाही. काम तर तेच होतं. पण तिथे कुणीतरी करणाऱ्या बाईकडेही पाहिलं होतं. सेवा आणि वेठ यांत एवढंच अंतर असेल का, याचा त्या रिक्षात बसून विचार करत राहिल्या.

संध्याकाळी त्या पाळकांकडे गेल्या. सुकलालभाऊही तिथे होते.

"मी डीकन व्हायला तयार आहे," त्या म्हणाल्या. "पण एक अट आहे. एकटी नाही. सुकलालभाऊ माझ्याबरोबर येतील. अंग पुसायचं ते मी आणि हसीनाबी बघू. चादरी धुणं, भांडं साफ करणं, पाणी आणणं भाऊंकडे."

सुकलालभाऊ चपापले. "मला वाटलं, उपासनेत प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवायचं असतं..."

"तेही फिरवा की."

पाळक हसले नाहीत. त्यांनी सुकलालभाऊंकडे नुसतं पाहिलं. भाऊ मान खाली घालून म्हणाले, "येतो."

पहिल्याच दिवशी ते बिजलीबाईच्या घरामागे जाऊन ओकले. दुसऱ्या खेपेला मात्र ते नाकाला रुमाल बांधून न सांगता आले. पुढच्या महिन्यात दोघांच्या डोक्यावर हात ठेवून मंडळीने प्रार्थना केली. त्याआधी पाळकांनी ज्योत्स्नाबाईंना सगळ्यांसमोर विचारलं, "ही सेवा तुम्ही आपखुशीने स्वीकारता का?" त्यांनी मोठ्याने "हो" म्हटलं.

थंडी सरेपर्यंत बिजलीबाई वॉकर धरून अंगणापर्यंत येऊ लागली. तेवढ्यात पाळकांनी ज्योत्स्नाबाईंच्या घरी येऊन मंडळीतल्या झुलाल आबांची गोष्ट काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर म्हातारा घरात एकटाच होता.

"या महिन्यात मी नाही," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "दमले आहे. सुकलालभाऊ जातील. आणि सोबत भूपेंद्र."

शेजारी बसलेल्या भूपेंद्रने चमकून बायकोकडे पाहिलं. "मला कुठे येतंय त्यातलं काही?"

"येईल," त्या म्हणाल्या. "मलाही येत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी भूपेंद्र कारखान्यातून सुटल्यावर घरी न येता परस्पर आबांकडे गेला.